चंद्राची माती तपासायची, तर आधी काळी गिट्टी

माझा भाचा एम.एस्सी.ला आहे. परवा म्हणाला, "मावशी, चंद्राच्या मातीचं पृथक्करण शिकायचंय, पण माती आणायची कुठून?" अपोलोच्या सहा मोहिमांनी 1969 ते 1972 या काळात 382 किलो नमुने आणले. नासा ते संशोधकांना अर्ज तपासून, चिमूटभरच देते. त्याला मी बांधकामावरून मूठभर काळी गिट्टी आणायला पाठवलं. ही गिट्टी म्हणजे बेसाल्ट, लाव्हा थिजून झालेला काळा खडक. इंदूर बेसाल्टवरच बसलंय आणि चंद्रावरचे काळे डागही बेसाल्टचेच. आपला बेसाल्ट साधारण 6.6 कोटी वर्षांचा, तिथला बहुतेक 300 कोटींहून जुना. पण खल, भट्टी आणि यंत्र दोघांना तेच लागतं.

गिट्टी निवडताना पांढरे ठिपके असलेले तुकडे बाजूला टाका. ते बहुधा खडकाच्या पोकळीत भरलेलं झिओलाइट नावाचं खनिज असतं. त्यात पाणी असतं आणि ते पुढचा सगळा हिशेब बिघडवतं. दळायला अकीकाचा खल घ्या. पोलादी खलातून लोखंड मिसळतं, टंगस्टन कार्बाइडच्या भांड्यातून टंगस्टन आणि कोबाल्ट. पूड झाली की वरवरची चमचाभर उचलू नका. शंकूसारखा ढीग करा, चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन ठेवा, उरलेले बाजूला करा आणि हेच पुन्हा करा. खऱ्या चांद्रमातीत बारीक कणांची घडण जाड्या कणांपेक्षा वेगळी असते, त्यामुळे तिथे ही शिस्त जास्तच हवी. शिवाय तो नमुना थेट खलात जात नाही. आधी सूक्ष्मदर्शक, मग 30 मायक्रॉनचा पातळ काप, त्यावर इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोब (इलेक्ट्रॉनांच्या झोताने बारीकशा ठिपक्यातली मूलद्रव्यं मोजणारं यंत्र), आणि पूड सर्वांत शेवटी.

आता माझा आवडता भाग. गिट्टीची पूड 110 अंशांवर वाळवून वजन करा, मग 1000 अंशांवर तापवून पुन्हा वजन करा. पाणी गेल्याने वजन घटेल. चांद्रमातीचं मात्र वाढू शकतं! तिच्यात पाणी जवळजवळ नाही, आणि लोह फेरस (कमी ऑक्सिजनच्या) रूपात किंवा चक्क धातूच्या बारीक कणांत असतं. हवेत तापवलं की ते ऑक्सिजन ओढून घेतं. 100 ग्रॅम फेरस ऑक्साइडचं 111 ग्रॅम फेरिक (जास्त ऑक्सिजनचं) ऑक्साइड होतं. म्हणून चंद्राच्या तक्त्यात लोह नेहमी फेरस ऑक्साइड म्हणून मांडा, नाहीतर बेरीज 100 च्या वर जाईल आणि तुम्ही यंत्राला दोष देत बसाल.

पूड लिथियम बोरेटबरोबर वितळवून काचेची चकती करतात, आणि ती एक्सआरएफ यंत्रात ठेवतात. हे यंत्र नमुन्यावर क्ष-किरण टाकतं आणि उलट येणाऱ्या क्ष-किरणांवरून मूलद्रव्यं ओळखतं. वितळवायची मूस प्लॅटिनम-सोन्याच्या मिश्रधातूची असते. धातुरूप लोह प्लॅटिनममध्ये शिरून मूस खराब करतं. म्हणून चांद्रमाती आधी नायट्रेट घालून नीट ऑक्सिडाइझ करायची. मुशीची किंमत एकदा ऐकलीत की हे वाक्य विसरणार नाही.

एक्सआरएफच्या आलेखात लोहाची रेषा 6.40 केईव्हीला (केईव्ही हे क्ष-किरणांच्या ऊर्जेचं माप), टायटॅनियमची 4.51, कॅल्शियमची 3.69, सिलिकॉनची 1.74 आणि मॅग्नेशियमची 1.25 ला दिसेल. शेवटच्या दोन इतक्या मऊ, म्हणजे कमी ऊर्जेच्या, की हवाच त्यांना गिळते. निर्वात किंवा हेलियम हवा. हातात धरायच्या यंत्राने दिलेल्या मॅग्नेशियमवर मी विश्वास ठेवत नाही. ऑक्सिजन तर ही पद्धत मोजतच नाही, तो ऑक्साइडच्या हिशेबाने काढलेला असतो.

प्रत्येक खेपेला सोबत बीएचव्हीओ-2 हा हवाईच्या बेसाल्टचा प्रमाण नमुना चालवा. त्यात सिलिका 49.9 टक्के, टायटॅनियम डायऑक्साइड 2.73. तुमचे आकडे याच्या आसपास आले नाहीत, तर गिट्टीचे आकडे वहीत उतरवूच नका. सूक्ष्म, म्हणजे अगदी थोड्या प्रमाणात असलेल्या मूलद्रव्यांसाठी पूड विरघळवायला हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं. ते घरी नाहीच, आणि कॉलेजातही कॅल्शियम ग्लुकोनेट जेल (या आम्लाने भाजल्यावर लावायचं औषध) हाताशी असल्याशिवाय बाटली उघडू नका. त्या वाटेने सिलिका वायू होऊन उडते, म्हणून ती एक्सआरएफनेच मोजायची.

गिट्टीचे आकडे जमले की ते चंद्राच्या आकड्यांशेजारी ठेवा. अपोलो 11 च्या मातीत फेरस ऑक्साइड सुमारे 16 टक्के, टायटॅनियम डायऑक्साइड 7 हून जास्त, ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचं ऑक्साइड) 13 च्या पुढे. अपोलो 16 च्या उंच प्रदेशातल्या मातीत ॲल्युमिना 27 च्या आसपास आणि फेरस ऑक्साइड 5. माळव्याच्या बेसाल्टात सोडियम ऑक्साइड 2 टक्क्यांच्या आगेमागे, चंद्रावर अर्धा टक्का. चांद्रयान-3 च्या प्रज्ञान या बग्गीवर अहमदाबादच्या पीआरएल (भौतिकी संशोधन प्रयोगशाळा) या संस्थेने बनवलेलं एपीएक्सएस हे मूलद्रव्यं मोजणारं उपकरण होतं. त्याने क्युरियम-244 या किरणोत्सारी मूलद्रव्याच्या किरणांनी 23 जागी माती तपासली, आणि ती उंच प्रदेशाच्या जातीची निघाली.

यंत्र मिळत नसेल तर इस्रोच्या प्रदान संकेतस्थळावर नोंदणी करून चांद्रयान-2 च्या क्लास या, चंद्रावरून येणारे क्ष-किरण मोजणाऱ्या उपकरणाचे वर्णपट उतरवून घ्या. तिथे क्ष-किरणांचा दिवा खुद्द सूर्य आहे, म्हणून तारीख निवडताना सौरज्वाळांची यादी शेजारी ठेवा. सूर्य शांत असेल तर मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन यांपलीकडे फारसं काही हाती लागत नाही. कॅल्शियम, टायटॅनियम आणि लोहासाठी मोठी ज्वाळा शोधा.