एका थेंबाचा सांधा: हॅरी कूव्हर यांचे रसायन घरी नीट कसे वापरावे

“फेविक्विक लावले, पण दुसऱ्याच दिवशी सुटले,” ही तक्रार बहुतेक घरांत कधी ना कधी ऐकू येते. अशा वेळी दोष सहसा नळीतल्या द्रवाचा नसतो. तो द्रव कशामुळे घट्ट होतो हे ठाऊक नसल्याने आपण तो गरजेपेक्षा जास्त ओततो, जोडलेली वस्तू उन्हात वाळत ठेवतो आणि मग सांधा कच्चा राहिला म्हणून हळहळतो. मुळात हा द्रव वाळत नाही. डिंकातले किंवा पांढऱ्या फेव्हिकॉलमधले पाणी उडून गेले की ते घट्ट होतात, याचे मात्र नेमके उलटे आहे. याला पाण्याचा अंश मिळाला की त्याचे सुटे रेणू एकमेकांना जोडले जाऊन लांब साखळ्या तयार होतात आणि काही सेकंदांत द्रवाचे कठीण प्लॅस्टिक होते. हवेतल्या ओलाव्यामुळे जवळजवळ प्रत्येक वस्तूच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा अतिशय पातळ थर असतो, आणि तेवढे पाणी त्याला पुरते.

ही गोष्ट पक्की ध्यानात राहावी यासाठी ज्या रसायनशास्त्रज्ञाने हा द्रव जगाला दिला, त्याच्या आयुष्यातले दोन प्रसंग माहीत असावेत. हॅरी कूव्हर यांचा जन्म 1917 मध्ये अमेरिकेतील डेलावेअर राज्यातल्या न्यूआर्क या गावी झाला. होबार्ट महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर त्यांनी कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली आणि उभी कारकीर्द ईस्टमन कोडॅक कंपनीत घालवली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1942 मध्ये, बंदुकीच्या नेमसाधनासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधण्याचे काम त्यांच्या गटाकडे होते. त्या शोधात सायनोॲक्रिलेट या वर्गातली रसायने त्यांच्या हाती आली. पण ती ज्याला लागतील त्याला चिकटून बसत, त्यामुळे साचे आणि उपकरणे वाया जाऊ लागली, आणि कामाला निरुपयोगी म्हणून ती बाजूला ठेवली गेली. सर्वत्र असलेला ओलावाच तेव्हा आड आला होता.

दुसरा प्रसंग 1951 मधला, टेनेसी राज्यातल्या किंग्जपोर्ट येथील. जेट विमानाच्या वैमानिकावरील पारदर्शक आच्छादनासाठी उष्णता सोसणारे प्लॅस्टिक हवे होते आणि कूव्हर त्या कामावर देखरेख करत होते. त्यांचे सहकारी फ्रेड जॉयनर यांनी प्रकाश द्रवातून जाताना किती वळतो हे मोजण्यासाठी त्याच वर्गातल्या इथिल सायनोॲक्रिलेटचा एक थर रिफ्रॅक्टोमीटरच्या दोन काचेच्या लोलकांमध्ये पसरला, आणि मोजणी झाल्यावर ते लोलक काही केल्या सुटेनात. एक महागडे उपकरण बिघडले, एवढ्यावरच ही हकिकत संपली असती. परंतु आपण नऊ वर्षांपूर्वी त्रासदायक म्हणून जे टाकून दिले, ते वास्तविक एक विलक्षण चिकटद्रव्य आहे, हे कूव्हर यांनी या वेळी ओळखले. जोडण्यासाठी त्याला ना तापवावे लागे, ना दाबावे. 1956 मध्ये त्याचे पेटंट मिळाले आणि 1958 मध्ये ते ‘ईस्टमन 910’ या नावाने बाजारात आले. पुढे दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमात कूव्हर यांनी एका थेंबाने जोडलेल्या सांध्यावर सूत्रसंचालकाला जमिनीवरून अधांतरी उचलून दाखवले.

लोलकांचा तो प्रसंग मला फार मोलाचा वाटतो, कारण उत्तम सांध्याला जे जे लागते ते सारे तिथे नकळत जुळून आले होते. पृष्ठभाग स्वच्छ आणि सपाट होते, ते एकमेकांना पूर्ण टेकलेले होते आणि मधला थर अत्यंत पातळ होता. घरी काही जोडायचे असेल तेव्हा हेच साधायचे असते.

आमच्या घरातल्या लोणच्याच्या चिनीमातीच्या बरणीच्या झाकणाची गोंडी, म्हणजे वरची धरायची मूठ, मागच्या वर्षी तुटली, तिचे उदाहरण घेऊ. तुटलेल्या दोन्ही कडा मी आधी साबणाच्या पाण्याने धुतल्या, कारण तेलाचा अंश राहिला तर द्रव चिनीमातीला न धरता तेलाला धरतो. मग त्या रात्रभर वाळू दिल्या. ओलावा हवा असला तरी तो हवेतला पुरेसा असतो, आणि ओथंबलेल्या कडेवर द्रव वरच्यावर आळतो, पांढरा पडतो आणि आत शिरत नाही. दुसऱ्या दिवशी द्रव न लावता गोंडी जागेवर ठेवून दोन-तीनदा फिरवून पाहिली. तुकडा बरोबर बसला की हलकासा ‘टक्’ आवाज येतो आणि बोटाला कड लागत नाही. ही कोरडी जुळणी कधीही टाळू नये, कारण द्रव लावल्यावर तुकडा सरकवून नीट बसवायला सवड मिळत नाही. मग नळीला टाचणीने बारीक छिद्र पाडून फक्त एकाच कडेवर एक छोटा थेंब टाकला, गोंडी सरळ खाली टेकवली आणि तीस सेकंद हात न हलवता दाबून धरली. पकड मिनिटभरात आली, तरी झाकण मी पूर्ण एक दिवस वापरले नाही, कारण सांध्याला पुरती ताकद यायला सुमारे चोवीस तास लागतात.

थेंब मोठा घेतल्याने सांधा मजबूत होत नाही. ओलावा पृष्ठभागावर असतो, जाड थराच्या मध्यापर्यंत तो पोचत नाही, आणि आतला द्रव ओलाच राहतो. एखादी कपची हरवल्यामुळे मध्ये फट राहत असेल, तर तिथे चिमूटभर खाण्याचा सोडा भरून त्यावर थेंब सोडावा. सोडा किंचित अल्कधर्मी असल्यामुळे द्रव त्यात क्षणात दगडासारखा घट्ट होतो. या वेळी उष्णता आणि डोळ्यांना झोंबणारी वाफ निघते, म्हणून खिडकी उघडी ठेवावी आणि चेहरा लांब धरावा.

हवामानाचा फरक महाराष्ट्रात चांगलाच जाणवतो. कोकणात पावसाळ्यात द्रव इतक्या लवकर धरतो की तुकडा टेकवण्यात चालढकल करून चालत नाही. विदर्भात मे महिन्याच्या कोरड्या दुपारी तोच द्रव रेंगाळतो. तिथे एका कडेवर तोंडाने एकदाच हलकी वाफ सोडावी आणि दुसऱ्या कडेवर थेंब लावावा.

चष्म्याची काडी जोडताना विशेष जपावे लागते. या द्रवाची वाफ जवळच्या पृष्ठभागावर बसून पांढरट धुरकटपणा येतो, आणि काचेवर जिथे बोट लागले असेल तिथे ती जास्त बसते. मी एकदा काळ्या फ्रेमची काडी जोडून चष्मा डब्यात बंद करून ठेवला होता. सकाळी फ्रेमवर माझ्या अंगठ्याच्या रेषा पांढऱ्या रंगात एकेक मोजता येतील इतक्या स्पष्ट उमटल्या होत्या. गुन्ह्याच्या तपासात बोटांचे अदृश्य ठसे उठवण्यासाठी 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून हाच गुण वापरला जातो. म्हणून चष्म्याच्या काचा आधी काढून ठेवाव्यात आणि जोडलेली वस्तू मोकळ्या हवेत ठेवावी.

काही ठिकाणी हे रसायन चालतच नाही. पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलीन आणि टेफ्लॉन यांना ते धरत नाही, थर्माकोल त्याने विरघळतो. सरळ ओढ ते उत्तम सोसते, पण सोलल्यासारखी ओढ किंवा अचानक बसलेला धक्का सोसत नाही, त्यामुळे चपलेचा पट्टा त्याने टिकत नाही. तापलेल्या वस्तूवर ते मऊ पडते, म्हणून चहाच्या कपाचा कान जोडला तर तो कप शोभेसाठी ठेवावा, उकळता चहा त्यात ओतू नये.

सांडलेला द्रव कापसाच्या बोळ्याने किंवा सुती फडक्याने कधीही पुसू नये. कापूस आणि लोकर यांच्याशी त्याची अभिक्रिया इतकी वेगाने होते की धूर निघतो आणि त्वचा भाजू शकते. बोटे चिकटली तर ओढू नयेत. कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून ती हळूहळू एकमेकांवर फिरवत सोडवावीत, आणि लागलाच तर नखांचे पॉलिश काढण्याचे ॲसिटोन बोटांपुरतेच वापरावे. पापण्या चिकटल्या तर ॲसिटोन डोळ्याजवळही नेऊ नये. कोमट पाण्याने धुवत तडक डॉक्टरांकडे जावे. डोळ्यांच्या औषधाची छोटी बाटली आणि या चिकटद्रव्याची नळी एका खणात ठेवू नयेत, हे ज्या घरात वयस्कर माणसे आहेत तिथे मुद्दाम सांगावे लागते.

जखमेवर ही नळी वापरू नये. व्हिएतनामच्या युद्धात जखमी सैनिकांचा रक्तस्राव थांबवण्यासाठी सायनोॲक्रिलेटचा फवारा मारला गेला आणि आपल्या शोधाने माणसे वाचली याचे कूव्हर यांना फार समाधान होते. परंतु घरगुती नळीतला इथिल प्रकार ऊतींना दाह करतो. रुग्णालयात वापरतात तो ऑक्टिल प्रकार वेगळा आहे आणि अमेरिकेत त्याला 1998 मध्ये मान्यता मिळाली.

कूव्हर यांच्या नावावर 460 पेटंटे होती. 2010 मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक त्यांना राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या हस्ते मिळाले आणि 2011 मध्ये, वयाच्या 94 व्या वर्षी, किंग्जपोर्टमध्येच त्यांचे निधन झाले.

उरलेली नळी ठेवताना तोंडाशी लागलेला द्रव कागदाने टिपून बूच घट्ट लावावे आणि ती हवाबंद डबीत, कोरड्या व थंड जागी ठेवावी. न उघडलेली नळी फ्रिजमध्ये ठेवली तर बरेच महिने टिकते. मात्र वापरण्याआधी ती तासभर बाहेर ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, नाहीतर थंड नळीवर दव धरते आणि बूच काढताच त्यातले पाणी आत शिरून सारा द्रव तिथेच आळून बसतो.