संगणकातील फॉन्ट कोठे असतात आणि ते कसे सांभाळावेत

फॉन्टची फाइल डाउनलोड्स फोल्डरात पडून असली, तरी तो फॉन्ट वर्डच्या यादीत दिसत नाही. त्याची नोंद प्रणालीकडे, म्हणजे विंडोज, मॅक किंवा लिनक्स यांपैकी जी संगणक चालवते तिच्याकडे, व्हावी लागते. विंडोजमध्ये ही नोंद रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत, होते आणि फाइलीची प्रत सहसा सी ड्राइव्हवरील विंडोज फोल्डरातल्या ‘फॉन्ट्स’मध्ये जाते. तेथे टाइम्स न्यू रोमनचे एकच चिन्ह दिसत असले, तरी त्यामागे साधा, ठळक, तिरका आणि ठळक-तिरका अशा चार स्वतंत्र फायली असतात. त्यामुळे एखाद्या फॉन्टची फक्त साधी फाइल बसवली, तर ठळक अक्षर मागितल्यावर बरेच प्रोग्राम आहे तेच अक्षर फुगवून वेळ मारून नेतात आणि छपाईत ते बटबटीत दिसते.

सर्वप्रथम डॉक्युमेंट्समध्ये फॉन्टांसाठी स्वतःचा फोल्डर करावा आणि प्रत्येक फॉन्टच्या सर्व फायली, परवान्याच्या मजकुरासह, त्यात ठेवाव्यात. प्रणाली पुन्हा टाकावी लागली, तर हाच साठा कामी येतो.

आता फॉन्ट बसवावा. झिप फाइल आधी उलगडावी, आतील टीटीएफ किंवा ओटीएफ (हे फॉन्टच्या फाइलींचे प्रकार) फाइलीवर उजवी क्लिक करावी आणि ‘इन्स्टॉल’ निवडावे. मात्र विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून अशा रीतीने बसवलेला फॉन्ट केवळ त्या वापरकर्त्याच्या ॲपडेटा फोल्डरात जातो, आणि काही जुन्या प्रोग्रामांना तो सापडतच नाही. ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार असतील, तर ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स’ हा पर्याय निवडणे मला अधिक सोयीचे वाटते. मॅकवर फाइल उघडली की फॉन्ट बुक हा मॅकचाच प्रोग्राम पुढचे काम करतो. लिनक्सवर फाइल आपल्या होम फोल्डरातील डॉट-लोकल, त्यातील शेअर, त्यातील फॉन्ट्स येथे ठेवून एफसी-कॅश ही आज्ञा द्यावी.

उघडे प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करावेत आणि ‘दुसऱ्या ॲपमधील ऱ्हास’ असे काही टंकून पाहावे. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरील सर्व लिप्यांच्या अक्षरांच्या प्रमाणित यादीत, २००८ साली आले, म्हणून जुन्या फॉन्टांत ते बहुधा नसते. तेथे चौकोन दिसतो किंवा दुसऱ्याच फॉन्टातले अक्षर उसने येते, आणि हा दुसरा प्रकार घाईत नजरेतून सहज निसटतो.

अशा फॉन्टची नवी आवृत्ती मिळाली, तर आधी जुनी काढावी. प्रणाली फॉन्ट ओळखते ती फाइलीच्या आत नोंदलेल्या नावावरून. बाहेरून फाइलीचे नाव बदलल्याने दोन आवृत्त्यांमधला गोंधळ मिटत नाही. विंडोजमध्ये सेटिंग्जमधील पर्सनलायझेशन, त्यातील फॉन्ट्स येथून नको असलेला फॉन्ट काढता येतो. मॅकच्या फॉन्ट बुकमध्ये तो न काढता नुसता निष्क्रिय करण्याचीही सोय आहे. सेगो यूआयसारख्या प्रणालीच्या स्वतःच्या फॉन्टांना मात्र हात लावू नये, कारण खिडक्या आणि मेनूंमधला मजकूर त्यांवरच चालतो.

दस्तऐवज दुसऱ्याला पाठवायचा असेल, तर तोच फॉन्ट त्याच्याकडे असेल असे गृहीत धरू नये. विंडोजवरील वर्डच्या ऑप्शन्समधील ‘सेव्ह’ विभागात फॉन्ट दस्तऐवजातच अंतर्भूत करण्याचा पर्याय आहे. फॉन्टच्या परवान्यामुळे तो चालला नाही आणि दस्तऐवज केवळ वाचण्यापुरता द्यायचा असेल, तर पीडीएफ करून तिच्या प्रॉपर्टीजमधील फॉन्टांची यादी पाहावी आणि आपला फॉन्ट तेथे अंतर्भूत दिसत असल्याची खात्री करूनच ती पाठवावी.