फिल्म की डिजिटल: वाद घालण्याआधी करून पाहायची चाचणी

फिल्म की डिजिटल हा वाद पेटला की दोन्ही बाजूंचे छायाचित्रकार आपापले फोटो पुराव्यादाखल पुढे करतात. पण ते वेगळ्या लेन्सने, वेगळ्या उजेडात काढलेले असतात, आणि फिल्मचा फोटो तर बहुधा लॅबने घाईत केलेला स्कॅन असतो. अशा तुलनेतून काहीच सिद्ध होत नाही. त्यापेक्षा एक रोल आणि एक दुपार खर्चून पुढील चाचणी स्वतः करावी.

एकच लेन्स दोन्ही कॅमेऱ्यांवर बसेल अशी जोडी मिळवावी. निकॉनच्या एफ माउंटच्या (लेन्स कॅमेऱ्याला जोडण्याची निकॉनची पद्धत) अनेक जुन्या लेन्स फिल्मच्या आणि फुल-फ्रेम डिजिटलच्या बॉडीवर चालतात, आणि दोन्हींची फ्रेम 24 x 36 मिलिमीटरच असल्याने दृश्य सारखेच येते. ट्रायपॉड हलवू नये, डिजिटलवर आयएसओ (उजेडाला असलेली संवेदनशीलता) 400 ठेवून रॉ फाइल (सेन्सरची प्रक्रिया न केलेली नोंद) घ्यावी, फिल्मही 400 चीच रंगीत निगेटिव्ह (जिच्यावर उजेड आणि रंग उलटे उमटतात ती) असावी, आणि दोन कॅमेऱ्यांचे उजेड मोजणारे मीटर क्वचितच जुळत असल्याने एक्स्पोजर (शटरचा वेग आणि ॲपर्चर, म्हणजे लेन्सचे छिद्र) दोन्हींवर हाताने एकच लावावे.

विषय मात्र कठीणच निवडावा: उन्हात वाळत घातलेली पांढरी सुती साडी आणि तिच्यामागे घराचे अंधारे दार, दोन्ही एकाच फ्रेममध्ये. मीटरप्रमाणे एक फोटो, मग एकेक स्टॉप (प्रत्येक स्टॉपला उजेड दुप्पट किंवा निम्मा होतो) वाढवत तीन आणि घटवत तीन, असे सात फोटो केवळ शटरचा वेग बदलून काढावेत. जुन्या बॉडीचे शटर 1/1000 सेकंदापुढे जात नसेल, तर ऊन कलेपर्यंत थांबावे.

रोल देताना लॅबला नेहमीप्रमाणे डेव्हलप करण्यास सांगावे, आणि स्कॅनकडे वळण्याआधी निगेटिव्ह लाइटबॉक्सवर ठेवून दहापट भिंगातून पाहावी. ही पायरी मी पूर्वी गाळत असे. स्कॅनर उजेड आपोआप सारखा करतो, कडा कृत्रिमपणे धारदार करतो, त्यामुळे स्कॅनवरून फिल्मला नावे ठेवणारा खरे तर स्कॅनरला नावे ठेवत असतो. एकदा ज्या स्कॅनमध्ये साडीचा काठ नुसता पांढरा पट्टा दिसत होता, त्याच निगेटिव्हमध्ये भिंगाखाली काठाची वीण स्पष्ट दिसली, आणि तोपर्यंत ठामपणे केलेली माझी कितीतरी विधाने मला मागे घ्यावी लागली.

दोन-तीन स्टॉप जादा उजेड दिलेल्या निगेटिव्हमध्ये साडीचा पोत बहुधा टिकतो, डिजिटलमध्ये मात्र तो कोरा पांढरा होतो, कारण सेन्सरचा प्रत्येक पिक्सेल ठरावीक प्रभार साठवून भरला की पुढचा उजेड नोंदवत नाही, तर निगेटिव्ह हळूहळू दाट होत जाते. कमी उजेडाच्या फोटोंत नेमके उलट घडते: दारातला अंधार रॉ फाइलमधून बराच वर काढता येतो, निगेटिव्हमध्ये तिथे जवळपास कोरी फिल्मच उरलेली असते. वादातल्या दोघांचाही अनुभव खरा असतो, फक्त एक जण उजेडाच्या टोकाविषयी बोलत असतो आणि दुसरा अंधाराच्या.

यावरून ‘फिल्म’ असे सरसकट म्हणणेही टाळावे, कारण स्लाइड फिल्म (जिच्यावर थेट सुलटे चित्र उमटते ती) जादा उजेडाला डिजिटलइतकीच, किंबहुना अधिक, हळवी असते. दावा कोणत्या काळातला आहे हेही विचारावे. निकॉनचा डी 1 हा 1999 मधला डिजिटल कॅमेरा 2.7 मेगापिक्सेलचा होता. त्या काळात डिजिटलच्या तपशिलाविषयी केलेली तक्रार रास्त होती, आज तीच जशीच्या तशी पुढे करणे रास्त नाही. खर्चाचा वाद निराळा आहे आणि तो वहीत आकडे मांडून सुटतो.

शेवटी दोन्हींचे 8 x 12 इंचांचे प्रिंट काढून त्यांच्या मागे पेन्सिलीने फिल्म, आयएसओ, शटर, ॲपर्चर आणि स्कॅनची पद्धत लिहावी, ते एकत्र मिसळावेत आणि छायाचित्रणाशी संबंध नसलेल्या घरच्या माणसाला हातभर अंतरावरून पाहायला द्यावेत. वादात उतरताना फोटोसोबत ती मागची बाजूही दाखवावी.