लॅटिनमधलं दूध पाच भाषांत कसं शोधायचं

आमच्या अमळनेरच्या घरात जळगावला ‘जयगाव’ म्हणत. केळी म्हणजे केयी, डोळा म्हणजे डोया. ‘शायामा जाय’ असं आजी रोज सकाळी बजावायची. पाचवीत मी वर्गात ‘शाया’ म्हणाले आणि अशुद्ध बोलते म्हणून बाकावर उभी राहिले. ते उभं राहणं मला अजून आठवतं, कारण आजीचं बोलणं किती शिस्तीचं होतं ते पुढे कळलं: ळ जिथे यायचा, तिथे ती य म्हणायची. भाषाशास्त्रात याला ध्वनिनियम म्हणतात. खानदेशी कानाला हे आधीच ठाऊक असतं, म्हणून लॅटिनपासून निघालेल्या पाच भाषांतले शब्द शेजारी मांडून असे नियम शोधायची रीत आपल्याला सोपी जाते.

वही आडवी धरून सहा रकाने पाडा. पहिला लॅटिनचा. लॅटिन कोशात दुधाला आधी ‘लाक’ दिसेल, ते घेऊ नका. शेजारी षष्ठीचं रूप ‘लाक्तिस’ दिलेलं असतं. शब्दाचं खरं अंग तिथे कळतं. ‘लाक्ते’ लिहा. पुढे इटालियन लात्ते, स्पॅनिश लेचे, पोर्तुगीज लेइते, फ्रेंच ले, रुमानियन लाप्ते. (कॉफीच्या दुकानातली लाते ती हीच, इटालियन दूध.)

आता बाकीचं झाकून फक्त ‘क्त’कडे बघा. इटालियनमध्ये त्त, स्पॅनिशमध्ये च, पोर्तुगीजमध्ये इत, रुमानियनमध्ये प्त. फ्रेंचच्या बाबतीत कानावर विसंबू नका, लेखन बघा: शेवटी ‘इत’ची अक्षरं लिहिलेली असतात, त बहुधा उच्चारत नाहीत.

एका ओळीवर निष्कर्ष काढू नका. दुसरी ओळ रात्रीची, लॅटिन नोक्तेम: नोत्ते, नोचे, नोइते, न्युई, नोआप्ते. तिसरी आठाची, लॅटिन ओक्तो: ओत्तो, ओचो, ओइतो, युईत, ओप्त. तिन्ही ओळी जुळल्या की मगच नियम पेनाने लिहा, तोवर पेन्सिल.

इथे मी नेहमी आपलं ताट मध्ये आणते. संस्कृत भक्त, प्राकृत भत्त, मराठी भात. सप्त, सत्त, सात. दुग्ध, दुद्ध, दूध. प्राकृताने केलं तेच इटालियनने केलं, जोडाक्षरातले दोन्ही आवाज एकसारखे केले. इटालियन तिथेच थांबली. मराठी आणखी पुढे गेली: दोनातला एक त सोडला आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबवला. हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा मी रात्री उठून पुन्हा बघून आले होते.

मग चाळण लावा. आपण दूध पितो आणि धंद्याला दुग्धव्यवसाय म्हणतो. दूध पिढ्यान् पिढ्या तोंडात झिजलं, दुग्ध नंतर पोथीतून उचललं. स्पॅनिशमध्ये रात्र नोचे, पण ‘रात्रीचा’ म्हणायला नोक्तुर्नो. असे शब्द वेगळ्या पानावर ठेवा, नाहीतर नियम मोडल्यासारखा वाटेल.

जर्मन आणि इंग्रजीला या तक्त्यात रकाना देऊ नका. मिल्श आणि मिल्क लॅटिनमधून आलेले नाहीत. नुसत्या दिसण्यावर जाल तर लॅटिन हाबेरे आणि जर्मन हाबेन, दोन्हींचा अर्थ ‘जवळ असणे’, म्हणून सख्खे समजाल. पण लॅटिनच्या आरंभीच्या क समोर जर्मनमध्ये ह येतो: कोर्नु आणि होर्न, दोन्ही शिंग. त्या हिशेबाने हाबेनचा नातलग लॅटिन कापेरे, म्हणजे धरणे.

शेवटी ‘केलेलं’ या अर्थाचा फाक्तुम स्वतः करून बघा. इटालियन फात्तो, पोर्तुगीज फेइतो, रुमानियन फाप्त बरोबर उतरतील. स्पॅनिश तुम्ही नियमाने फेचो लिहाल आणि कोशात एचो सापडेल. च जागेवर आहे, फ हरवला. तो आधी ह झाला, मग मुका झाला, लिहिण्यात तेवढा उरला. त्याच्यासाठी नवं पान काढा आणि पहिला शब्द पिठाचा घ्या: लॅटिन फारिना, इटालियन फारिना, स्पॅनिश आरिना.