रूट कॅनालनंतरचे दुखणे : या चुका टाळा

नस काढून टाकली, तर मग दाढ दुखते कशी, हा प्रश्न रूट कॅनाल करून घरी आलेल्या बहुतेकांना पहिल्याच रात्री पडतो. दाताच्या आतली नस काढलेली असते हे खरे. परंतु दाताचे मूळ ज्या पातळ, तंतुमय आवरणाच्या आधाराने जबड्याच्या हाडात बसलेले असते, त्या आवरणातल्या आणि भोवतालच्या हाडातल्या संवेदना शाबूत असतात. मुळाच्या टोकापर्यंत फिरवलेल्या बारीक सुया, कॅनाल म्हणजे मुळातली नळी धुण्यासाठी वापरलेले औषध आणि तिथे आधीपासून असलेला जंतुसंसर्ग यांमुळे हे आवरण सुजते. म्हणजे आताचे दुखणे दाताच्या आतले नसून त्याच्या बुडाशी आलेल्या सुजेचे असते आणि चावताना किंवा बोटाने दाबल्यावर ते जाणवते. पहिले एक-दोन दिवस ते सर्वांत जास्त असते, त्यानंतर उतरू लागते, आणि थोडा हुळहुळेपणा आठवडाभर रेंगाळला तरी त्यात वावगे काही नाही. ज्यांची दाढ आधीच रात्र रात्र ठणकत होती, त्यांना इतरांपेक्षा थोडे अधिक सोसावे लागते. पुढे सांगितलेल्या बऱ्याचशा चुका या नव्या दुखण्यावर जुन्या दाढदुखीचे उपाय केल्यामुळे होतात.

लवंगेचे तेल हे त्याचे पहिले उदाहरण. किडलेल्या दाढेच्या उघड्या खड्ड्यात त्याचा बोळा ठेवल्यावर आराम पडतो, कारण त्यातला युजेनॉल हा घटक आतल्या नसेला बधिर करतो. इथे ती नस उरलेलीच नाही आणि वरून फिलिंग बसलेले आहे. त्यामुळे तेल दुखण्यापर्यंत पोहोचत नाही, उलट हिरडी मात्र भाजते. ॲस्पिरिनची गोळी दाढेशी दाबून धरण्यानेही हेच होते आणि गालाच्या आतली त्वचा पांढरी पडून सोलली जाते. आपल्याकडे कित्येक घरांतल्या वडीलधाऱ्या बायका दातदुखीवर मशेरी लावायला सांगतात. मशेरी ही भाजलेली तंबाखूच आहे आणि निकोटीनमुळे जखम भरायला वेळ लागतो. किमान या दिवसांत तरी ती डबी दूर ठेवावी. गरम कपड्याने गाल शेकणेही टाळावे, विशेषतः सूज असेल तेव्हा. पहिल्या दिवशी बर्फ कपड्यात गुंडाळून गालावर बाहेरून पंधरा-वीस मिनिटे धरावा, मग तेवढीच विश्रांती द्यावी. ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चारदा हळुवार चूळ भरली तर हिरडीला बरे वाटते. रात्री आडवे झाल्यावर ठणका वाढत असेल, तर उशाला आणखी एक उशी घ्यावी.

गोळ्यांच्या बाबतीत सर्वांत सामान्य चूक म्हणजे दुखणे असह्य होईपर्यंत थांबणे. सूज आणि कळ चढल्यावर घेतलेल्या गोळीला तेवढे यश येत नाही. म्हणून डॉक्टरांनी दिलेली पहिली गोळी काहीतरी खाऊन, भूल पूर्ण उतरण्याआधीच घ्यावी आणि पहिले एक-दोन दिवस घड्याळ पाहून पुढच्या गोळ्या घ्याव्यात. सूज उतरवणारे आयबुप्रोफेन आणि वेदना शमवणारे पॅरासिटामॉल ही जोडी दातांच्या दुखण्यावर उत्तम चालते. सल्ल्याशिवाय आयबुप्रोफेन दिवसाला १२०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, आणि पॅरासिटामॉल निरोगी प्रौढानेही दिवसभरात सर्व गोळ्यांतले मिळून ४ ग्रॅमच्या पलीकडे घेऊ नये. यकृताचा विकार असणाऱ्यांनी किंवा रोज दारू पिणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून त्याहून कमी घ्यावे. बाजारातल्या अनेक वेदनाशामक गोळ्यांत पॅरासिटामॉल मिसळलेलेच असते. ॲसिक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉलची एकत्र गोळी घेतल्यावर घरातली तापाची पॅरासिटामॉलची गोळी आणि शेजाऱ्यांनी दिलेली आयबुप्रोफेनची गोळी वर घेणारे लोक एकाच वेळी दोन चुका करतात: पॅरासिटामॉल दुप्पट होते आणि पोटाला व मूत्रपिंडाला त्रास देणारी एकाच जातीची दोन औषधे पोटात जातात. म्हणून पाकिटावरचे बारीक अक्षर वाचावे. ते वाचता येत नसेल तर केमिस्टला वाचायला लावावे. श्रावणात उपवास धरून रिकाम्या पोटी या गोळ्या घेणे म्हणजे पोटाचे दुखणे मागून घेणे होय. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार, पोटातला अल्सर, रक्त पातळ करणारी औषधे, गर्भारपण, किंवा ॲस्पिरिनने उसळणारा दमा यांपैकी काहीही असेल, तर आयबुप्रोफेनसारखी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

पावसाळ्यातल्या कोकणासाठी इथे एक वेगळी सूचना आवश्यक आहे. रूट कॅनाल झाल्यावर ताप आला की तो दाढेचाच, असे गृहीत धरून वेदनाशामके वाढवू नयेत. याच दिवसांत आपल्या भागात डेंग्यू आणि चिखल-पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस असतो. डेंग्यूत ॲस्पिरिन वा आयबुप्रोफेनने रक्तस्रावाचा धोका वाढतो, तर लेप्टो मूत्रपिंडावर घाला घालतो. चिखलणी-लावणी करून आलेल्या माणसाला ताप भरला आणि पोटऱ्या दुखू लागल्या, तर दाढेचा विषय बाजूला ठेवून आधी रक्त तपासावे.

भुलीचा अंमल दोन ते चार तास, खालच्या दाढांना कधी त्याहूनही अधिक, टिकतो. या वेळात एसटी स्टँडवर गरम चहा आणि वडापाव घेणाऱ्याला आपण गाल चावत आहोत हे कळत नाही. दुसऱ्या दिवशी आरशात गालाच्या आत पांढरा, सोललेला चट्टा दिसतो आणि इन्फेक्शन झाले असे वाटते. तो केवळ स्वतःच्याच दातांनी केलेला घाव असतो आणि आठवडाभरात भरून येतो.

खाण्याच्या बाबतीत आपण सुदैवी आहोत. उकड्या तांदळाची कोमट पेज, मऊ भात, आंबट-तिखट नसलेली आमटी, काटे काढलेली उकडलेली मासळी यावर दोन दिवस सहज निघतात. कुर्ल्यांच्या नांग्या दाताने फोडणे, सुके बोंबील, मालवणी खाजा, आंबापोळी आणि फणसपोळी मात्र त्या बाजूला चालणार नाहीत. यातले कडक पदार्थ दाढेवर जोर देतात आणि चिकट पदार्थ दोन बैठकांच्या मध्ये दाढ बंद ठेवणारे तात्पुरते सिमेंट उपटून काढतात.

एक कारण असे आहे की ज्यावर कोणतीही गोळी पुरी पडत नाही, आणि माझ्या मते सर्वाधिक माणसे विनाकारण सोसतात ती याच कारणाने: फिलिंग उंच लागणे. भूल असताना तोंड मिटून दात नीट बसतात की नाही हे रुग्णाला सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जबडा सैल सोडून दात अलगद मिटून पाहावेत. तीच दाढ इतरांच्या आधी टेकत असेल, तर प्रत्येक घासाला आणि प्रत्येक आवंढ्याला त्या सुजलेल्या आवरणावर आघात होत राहतो. डॉक्टर दातांमध्ये रंगीत कागद ठेवून चावायला सांगतात, जिथे ठसा गडद उमटतो तिथले केसभर सिमेंट घासतात, आणि पाच मिनिटांत काम होते. ‘इतक्या लहानशा गोष्टीसाठी पुन्हा कशाला जायचे’ हा संकोच इथे महागात पडतो.

याउलट, लवकर बरे वाटावे म्हणून स्वतःहून अँटिबायोटिक सुरू करणे निरर्थक आहे. ते औषध जंतूंवर चालते, वेदनेवर नव्हे. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१९ सालच्या मार्गदर्शक सूचनांचाही रोख असा आहे की प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या प्रौढांना दाताच्या दुखण्यासाठी बहुतेक वेळा अँटिबायोटिक लागत नाही. ताप किंवा पसरणारी सूज असेल तेव्हाच ते द्यावे. घरातला जुना, अर्धवट राहिलेला कोर्स तर मुळीच घेऊ नये.

गणपतीच्या तोंडावर मुंबईत रूट कॅनालची पहिली बैठक करून गावी येणारे चाकरमानी ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट. नस निघाल्यामुळे दुखणे थांबलेले असते, म्हणून दुसरी बैठक दिवाळीपर्यंत आणि मग शिमग्यापर्यंत लांबते. तात्पुरते सिमेंट काही आठवड्यांसाठीच असते. ते झिजून फट पडली की लाळेतले जंतू आत शिरतात आणि एके रात्री गाल सुजतो. अशा प्रवासाआधी डॉक्टरांना परतण्याची तारीख सांगावी आणि एक्स-रे व औषधांच्या चिठ्ठीचा फोटो फोनमध्ये ठेवावा, म्हणजे अडचण आल्यास गावातल्या डॉक्टरांना अंदाजाने काम करावे लागत नाही. सिमेंट पडलेच, तर तिथे कापूस कोंबू नये. जागा स्वच्छ ठेवून एक-दोन दिवसांत दाखवावे. उपचार पूर्ण झाल्यावर दाढेला कॅप बसवणेही असेच टाळले जाते आणि पोकळ झालेली दाढ मग उभी चिरते; अशी दाढ बहुधा काढावीच लागते.

दुखणे तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरण्याऐवजी चढत असेल, किंवा गरम-गार अजूनही झोंबत असेल, तर दाखवून घ्यावे. वरच्या पहिल्या दाढेला पुष्कळदा चौथा कॅनाल असतो आणि तो अरुंद असल्याने राहून जाऊ शकतो, किंवा शेजारची दाढ दुखत असू शकते. हे दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू शकते. परंतु सूज जबड्याखाली, गळ्याकडे किंवा डोळ्याकडे सरकत असेल, तोंड उघडेनासे झाले असेल, जीभ वर उचलल्यासारखी वाटत असेल, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होत असेल, तर दाताच्या दवाखान्याची वाट न पाहता जिल्हा रुग्णालय गाठावे किंवा १०८ ला फोन करावा. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळसारख्या फेरीबोटीवर ज्यांचा रस्ता अवलंबून आहे, त्यांनी सूज वाढताना दिसली की शेवटची फेरी सुटण्याआधीच खाडी ओलांडावी.