अंगणातील झाड काढण्यापूर्वी या चुका टाळा

वळवाचे दोन-तीन तडाखे बसले, की साताऱ्याच्या शाहूपुरी-गोडोलीपासून सांगलीच्या विश्रामबागेपर्यंत अंगणातील झाडांचा प्रश्न एकदम ऐरणीवर येतो. वर्षभर ज्याच्याकडे कोणी मान वर करून पाहिलेले नसते, तेच झाड त्या आठवड्यात घरादाराच्या जिवावर उठल्यासारखे वाटू लागते आणि भीतीच्या भरात एखादे धडधाकट झाड तोडले जाते. उलट, आतून पोखरलेले पण वरून हिरवेगार दिसणारे झाड वर्षानुवर्षे शयनगृहाच्या कौलांवर झुकलेले असते. दोन्ही चुकांचे कारण एकच आहे: आपण झाडाचा शेंडा पाहतो, बुंधा पाहत नाही.

पानगळीला मरण समजू नका

कडुलिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने टाकतो, तर गुलमोहोर फुलायच्या आधी कित्येकदा पूर्ण निष्पर्ण होतो. अशा वेळी ‘झाड वाळले’ असा निकाल देण्यापूर्वी चारही बाजूंच्या, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या डहाळ्या तपासाव्यात. नखाने साल किंचित खरवडावी. सालीखाली ओलसर हिरवा पापुद्रा दिसला तर डहाळी जिवंत आहे. आत तपकिरी, कोरडे लाकूड लागले आणि वाकवताच ती कडकन मोडली तर मेलेली आहे. एकाच बाजूच्या फांद्या वाळलेल्या असतील तर त्या बाजूच्या जमिनीत अलीकडे काय घडले ते आठवावे. गटाराचा चर, शोषखड्डा किंवा बुंध्यापर्यंत बसवलेले पेव्हर ब्लॉक यांपैकी काहीतरी बहुधा सापडतेच.

नव्या बंगल्यांच्या आवारात आणखी एक प्रकार हमखास आढळतो. रस्त्याच्या पातळीवर यावे म्हणून प्लॉटमध्ये मुरमाचा भराव टाकला जातो आणि जुन्या आंब्याचा किंवा चिंचेचा बुंधा त्यात दोन फूट गाडला जातो. निरोगी झाडाचा बुंधा जमिनीजवळ पसरट होत मुळांत उतरतो. तो विजेच्या खांबासारखा सरळ मातीत शिरलेला दिसला, तर झाड गाडले गेले आहे असे समजावे. नारळासारखी झाडे याला अपवाद आहेत. हा भराव लवकर आणि हलक्या हाताने, मुळे न तोडता काढला, तर पुष्कळ झाडे सावरतात.

आंब्याच्या खोडाला छिद्र पडून खाली लाकडाचा भुसा दिसला म्हणजे झाड गेले, असेही नाही. तो खोडकिडा असतो. तार घालून अळी काढावी, रॉकेलचा बोळा आत सारावा आणि छिद्र चिखलाने लिंपावे. ‘यंदा मोहोरच आला नाही’ ही तक्रार तर तोडण्याचे कारण होऊच शकत नाही, कारण आंब्याच्या अनेक जाती वर्षाआडच धरतात.

धोका नेमका कुठे शोधावा

झाड कलले आहे एवढ्यावरून काही ठरत नाही. लहानपणापासून कललेले झाड वर जाताना पुन्हा सरळ वळते आणि त्याच कलाने दीर्घकाळ सुखाने उभे राहते. सरळसोट खोड मात्र अलीकडेच एका बाजूला झुकले असेल आणि विरुद्ध बाजूची जमीन फुगून वर आली असेल, तर वाट पाहण्यात अर्थ नाही. सांगलीकडच्या काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतातच. त्या वेड्यावाकड्या, सगळ्या अंगणभर असतात. मुळे उपटू लागल्याची भेग बुंध्याभोवती कमानीसारखी पडते आणि तिच्या आतली माती उचललेली दिसते. हा फरक पाहण्यासाठी गुडघ्यावर बसावे लागते. खुर्चीतून तो दिसत नाही.

कृष्णाकाठच्या ज्या वस्त्यांत 2019 आणि 2021 च्या पुराचे पाणी साचून राहिले होते, तेथील मोठ्या झाडांची अधिक काळजीपूर्वक तपासणी करावी. साचलेल्या पाण्यात मुळांना हवा मिळत नाही, ती गुदमरून कुजतात आणि त्याचा परिणाम पूर ओसरल्यावर लगेच नव्हे, तर पुढच्या काही वर्षांत दिसतो. बुंध्याशी कडक, थाळीसारख्या अळंब्या उगवल्या असतील तर आतले लाकूड कुजत आहे, हे नक्की. लाकडी हातोडीने खोडावर ठोकत गेले, की भरीव आणि पोकळ भागांच्या आवाजातील फरक कोणालाही कळतो. तरी ढोली असणे हाच मृत्युदंड ठरवू नये. झाडाला पेलते ते बाहेरच्या कड्याचे लाकूड. हे निरोगी लाकूड त्रिज्येच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याहून कमी जाड उरले, म्हणजे 60 सेंटीमीटर व्यासाच्या खोडात सुमारे 10 सेंटीमीटरपेक्षा कमी, तर धोका गंभीर मानतात.

कुंपणाच्या भिंतीला तडा गेला की बोट झाडाकडे जाते. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे झाड नसतानाही भिंती तडकतात. तडा पावसाळ्यात मिटत आणि उन्हाळ्यात रुंदावत असेल, तर दोष आधी पायाच्या खोलीकडे द्यावा. अशा जमिनीतून मोठे झाड काढल्यावर ते शोषत असलेले पाणी मातीतच राहते, माती फुगते आणि नवेच तडे जाऊ शकतात, हे फारसे कोणी सांगत नाही.

अर्धवट उपाय करू नका

‘बुंध्याला भोक पाडून हिंग भरा’, ‘ॲसिड ओता’ हे सल्ले आजही सर्रास दिले जातात. त्यात कायद्याचा प्रश्न आहेच, पण व्यवहाराचाही आहे: उभे मेलेले झाड ठिसूळ होते, त्यावर चढायला कुशल माणूसही तयार होत नाही आणि तेच काम नंतर महागात पडते. शेंडा सरसकट उडवणे हाही उपाय नव्हे, कारण त्या जागी फुटणारे झुपकेदार धुमारे वरवर चिकटलेले असतात आणि काही वर्षांनी तेच वाऱ्यात उन्मळतात.

परवानगीचे काय?

झाड आपल्या जागेत आहे म्हणून परवानगी लागत नाही, हा सर्वांत रुजलेला गैरसमज. शहरी भागात महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 लागू आहे. त्यानुसार सांगलीत महानगरपालिकेच्या आणि साताऱ्यात नगरपरिषदेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. झाड जाळणे किंवा त्याला इजा करणे हेही ‘तोडणे’ यातच मोडते. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षे वा त्याहून अधिक वयाचे झाड वारसा वृक्ष ठरते आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची तरतूद आहे. ग्रामीण भागात 1964 चा वृक्षतोड नियमन कायदा पाहावा. त्याच्या अनुसूचीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग ही आपल्या परड्यातली झाडेही आहेत. अर्जासोबत बुंध्याचे, भेगांचे आणि झाडाखालच्या बांधकामाचे फोटो जोडावेत. नुसते ‘धोकादायक आहे’ लिहून भागत नाही.

काम देताना आणि करताना

‘लाकूड तुझे, मजुरी नाही’ असा सौदा वखारवाल्याशी पुष्कळदा होतो. त्यात तो विकाऊ खोड घेऊन जातो आणि डहाळ्यांचा ढीग व बुडखा आपल्या दारात राहतो. म्हणून फांद्या, बुडखा, वाहतूक परवाना आणि भिंतीचे नुकसान झाल्यास भरपाई, हे सर्व आधी कागदावर घ्यावे. दिवाळी ते होळी हा काळ सोयीचा: जमीन कोरडी, वारा बेताचा. तरीही आदल्या दिवशी घरटी आणि मोहोळ पाहून घ्यावे. जवळून वीजवाहिनी जात असेल तर महावितरणकडून पुरवठा बंद करून घेतल्याखेरीज कुऱ्हाड लावू देऊ नये. ‘फांदी तारेच्या वरून जाईल’ यावर विसंबू नये.

आवारात झाड मुळासकट एकदम पाडण्याचा मोह नकोच. आधी फांद्या, मग वरून खाली तुकडे, आणि प्रत्येक जड तुकडा सोलाने बांधून खाली सोडायचा. मोठी फांदी तोडताना खोडापासून हातभर अंतरावर आधी खालून चिरा द्यावा, मग त्याच्या थोडे पुढे वरून कापावे आणि शेवटी उरलेला खुंट काढावा; थेट वरून कापल्यास फांदी खोडाची साल ओरबाडत खाली येते. काम चालू असताना झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतराच्या आत मुलांनी किंवा बघ्यांनी थांबू नये. खाली उभ्या असलेल्या मोटारीसह हा नियम आहे, पण मोटार हलवायची आठवण नेमकी शेवटी होते.

बुडखा तसाच ठेवल्यास सुबाभूळ, निलगिरी आणि कडुलिंब पुन्हा फुटतात आणि इतरांत वाळवी शिरून ती घराच्या चौकटीपर्यंत पोहोचू शकते. तो खणून काढल्यावर खड्डा एकदम न भरता मुरमाचे सहा-सहा इंचांचे थर पाणी मारून, धुमसाने ठोकून भरावेत. मोठी मुळे कुजतील तशी जमीन खचत राहते, त्यामुळे त्या जागेवर किमान एक पावसाळा तरी फरशी किंवा बांधकाम घेऊ नये.