मैल मोजताना या चुका टाळा

इंग्रजी बातमीत ‘टू हंड्रेड माइल्स’ दिसले की आपण डोळे मिटून 1.6 ने गुणतो. 320 किलोमीटर, झाले काम. पण बातमी समुद्रातल्या अनन्य आर्थिक क्षेत्राची (किनाऱ्यालगतचा तो पट्टा, जिथल्या मासळीवर आणि खनिजांवर त्या देशाचा हक्क असतो) असेल तर हा आकडा तब्बल पन्नास किलोमीटरनी चुकला. तिथला मैल सागरी असतो, 1852 मीटरचा. म्हणजे 200 मैलांचे 370.4 किलोमीटर. भाषांतराचे मजकूर तपासताना ही चूक इतक्या वेळा हाती लागली आहे की आता मैल दिसला की मी आधी बातमी जमिनीवरची की पाण्यातली ते बघतो, गुणाकार नंतर.

सागरी मैल लांब का, तर तो पृथ्वीच्या गोलाईवरून घेतला आहे. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे ढोबळमानाने एक सागरी मैल. 1852 मीटर हा नेमका आकडा 1929 साली मोनॅकोच्या परिषदेत ठरला. नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल. त्यामुळे वादळाच्या बातमीत ‘ताशी 50 नॉट’ असे लिहिले की तास दोनदा आला. नुसते ‘50 नॉट वेग’ लिहा, किंवा सरळ ताशी 93 किलोमीटर.

आता मूळ शब्दाकडे. मैल म्हणजे हजार पावले, असे पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. अर्धेच खरे. लॅटिनमध्ये ‘मिल्ले पासुस’ म्हणजे हजार पासुस, पण रोमन पासुस हे आपले एक पाऊल नव्हे. डावा पाय टेकला, मग उजवा पडला आणि डावा पुन्हा टेकला, की एक पासुस पुरा. एका पासुसात दोन पावले आणि पाच रोमन फूट. म्हणजे मैलात पावले दोन हजार, आणि लांबी साधारण 1480 मीटर. शंका असेल तर सकाळी फिरायला जाताना हजार पावले मोजून बघा, मैल अर्ध्यावरच राहील. यातला ‘पासुस’ पुढे गळून पडला आणि नुसत्या हजारावरून इंग्रजीतला माइल झाला. गंमत अशी की तोच ‘मिल्ले’ मिलिमीटरमध्येही बसला आहे, पण तिथे तो हजारावा भाग सांगतो.

मग 5000 फुटांचा मैल 5280 फुटांचा कसा झाला? याला जबाबदार इंग्लंडमधले शेतकरी. त्यांची जमीन फर्लांगात मोजली जायची. फर्लांग या शब्दाचा अर्थच मुळी ‘एका तासाची लांबी’ (तास म्हणजे घड्याळातला नव्हे, नांगराने पडते ते). फर्लांग 660 फुटांचा होता आणि जमिनीची सगळी मोजणी त्यावर बेतलेली. तो बदलला असता तर शेताच्या बांधांवरून गावोगाव भांडणे लागली असती. मग बदलला तो मैल. 1593 मध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातल्या कायद्याने आठ फर्लांगांचा मैल ठरवला: 660 गुणिले 8, बरोबर 5280. आजचा 1609.344 मीटर हा आकडा मात्र 1959 च्या आंतरराष्ट्रीय करारातला. तेव्हा जुन्या पुस्तकातला मैल डोळे झाकून आजच्या हिशेबात आणू नका.

या चुकीचा सगळ्यात मोठा बळी म्हणजे कोलंबस. नवव्या शतकातल्या अल-फर्गानी या खगोलशास्त्रज्ञाच्या ग्रंथात पृथ्वीचा एक अंश 56 पूर्णांक दोन तृतीयांश मैलांचा दिला होता. ते मैल अरबी होते, लांब. कोलंबसाने ते इटलीतले आखूड मैल धरले. एक अंश खरा सुमारे 111 किलोमीटरचा, याच्या हिशेबात तो 84 च्या आसपास आला. पृथ्वीच पाऊण झाली! त्यात त्याने आशिया खंड हवा तितका पूर्वेकडे ताणला आणि जपान हाकेच्या अंतरावर आणून ठेवला. वाटेत अमेरिका आडवी आली म्हणून तो वाचला.

मैलांची ही भानगड अजून संपलेली नाही. स्वीडन-नॉर्वेत कोणी ‘पाच मिल’ म्हणाले तर पायी निघू नका. तिथला मिल दहा किलोमीटरचा असतो.

क्षेत्रफळातली चूक साधी, पण फार होते. चौरस मैलाला 1.6 ने नव्हे, 2.59 ने गुणायचे. 100 चौरस मैल म्हणजे 259 चौरस किलोमीटर. मायलेजचेही तसेच. आपण तो शब्द घेतला, पण मोजतो लिटरमागे किलोमीटर. परदेशी गाडीचे ‘गॅलनला 40 मैल’ वाचताना गॅलन कोणाचा ते आधी बघा. अमेरिकेचा असेल तर लिटरला 17 किलोमीटर, ब्रिटनचा असेल तर जेमतेम 14.

काही ठिकाणी मैल हे अंतरच नसते, आणि तिथे शब्दाला शब्द ठेवला की मराठी लंगडते. ‘ही वॉज माइल्स अवे’ म्हणजे तो कित्येक मैल दूर होता असे नाही, त्याचे लक्ष नव्हते. ‘एक्स्ट्रा माइल’ हे मॅथ्यूच्या शुभवर्तमानातून आले आहे: कोणी एक मैल चालायला भाग पाडले तर त्याच्याबरोबर दोन मैल जा. रोमन सैनिक वाटेतल्या माणसाला ओझे वाहायला लावत, त्या वेठबिगारीचा हा संदर्भ. मराठीत ‘अतिरिक्त मैल चालणे’ कशाला? ‘हातचे राखून न करणे’ आहे की. ‘लास्ट माइल’ म्हणजे बहुतेकदा स्टेशनपासून घरापर्यंतचा टप्पा, तसेच म्हणावे. ‘मैलाचा दगड’ मात्र आता आपला झाला आहे, त्याला हाकलायचे कारण नाही. फक्त तो वाटेतला दगड असतो, मुक्काम नव्हे, म्हणून शेवट गाठल्यावर तो वापरू नका. आणि ‘मैला’ हा शब्द वेगळा, तो गटारातला. एक काना जास्त पडला आणि मथळ्याची वाट लागली, असेही पाहिले आहे.

ब्रिटनमध्ये गाडी चालवणार असाल तर शेवटची सूचना. तिथल्या रस्त्यावरच्या पाट्यांवर आकड्यापुढचे ‘एम’ हे अक्षर मीटरचे नसून मैलाचे असते. उत्तर आयर्लंडमधून दक्षिणेत शिरलात की वेगमर्यादेच्या पाट्या किलोमीटरमध्ये सुरू होतात, कारण आयर्लंडने जानेवारी 2005 मध्ये त्या बदलल्या. तिथे पाटीवर 100 दिसले आणि तुम्ही ते मैल समजलात, तर गाडी ताशी 160 किलोमीटरने पळेल. भाड्याच्या गाडीचा काटा मैलाचा की किलोमीटरचा, हे निघण्याआधीच बघून घ्या.